मागं किती उरतं? लिव्हरपर्यंत गेलेल्या आतड्याच्या कॅन्सरचं एक प्रकरण

रुग्ण ५२ वर्षांचे, तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. घरात आणि गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात, म्हणून इथंही तात्याच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मधुमेह होता, पण गोळीवर आटोक्यात. तंबाखू नाही. शौचावाटे रक्त जायला लागून आठ महिने झाले होते आणि ते आठही महिने मूळव्याधीच्या खात्यावर जमा झाले. आमच्या भागात मूळव्याध इतकी सर्रास की रक्त दिसलं की माणूस आधी चूर्ण आणतो, मग मलम, मग कुणीतरी खात्री दिलेला वैद्य गाठतो. वजन सात किलो उतरलं, ते एप्रिल छाटणीच्या धावपळीनं उतरलं असं घरच्यांनी धरलं. हिमोग्लोबिन ८.१ आलं तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी आग्रह धरून सांगलीला पाठवलं.

कोलोनोस्कोपीत गुदद्वारापासून २५ सेंटिमीटरवर, सिग्मॉइड कोलनमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणात, आतड्याचा निम्मा घेर व्यापणारी गाठ दिसली. दुर्बीण तिच्या पलीकडं जात होती, म्हणजे आतडं बंद पडायची भीती लगेच नव्हती. ही साधी वाटणारी गोष्ट पुढं फार कामाला आली, कारण त्यामुळं विचार करायला वेळ मिळाला. बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसं स्वच्छ, पण लिव्हरमध्ये पाच गाठी, सगळ्यांत मोठी ४.६ सेंटिमीटरची. सीईए, म्हणजे या कॅन्सरची रक्तात दिसणारी खूण, ८६. तो एरवी ५ च्या आत असतो.

पहिलं मत त्यांना मिळालं ते एका वाक्याचं: चौथी स्टेज आहे, लिव्हरच्या दोन्ही बाजूंना गाठी आहेत, ऑपरेशनचा विषय नाही, केमो देऊन जेवढे दिवस मिळतील तेवढे. फाइल घेऊन धाकटे बंधू मिरजेला माझ्याकडं आले ते केमोची तारीख ठरवायला. मी औषधोपचाराची डॉक्टर, चाकू माझ्या हातात नाही. तरी केमोची तारीख द्यायच्या आधी मी एकच विचारलं: "हे स्कॅन लिव्हरचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननं बघितलंय का?" नव्हतं बघितलेलं. हे प्रकरण लिहायचं कारण हेच. चौथी स्टेज ऐकली की बहुतेक घरं तिथंच बसतात, आणि ज्याला या प्रश्नाचं उत्तर देता येतं त्याच्यापर्यंत स्कॅन पोचतच नाही.

आतड्यातून निघालेलं जवळपास सगळं रक्त पोर्टल व्हेन या एका मोठ्या नसेतून आधी लिव्हरमध्ये जातं, तिथून पुढं हृदयाकडं. गाठीतून सुटलेल्या पेशींना वाटेत लागणारं पहिलं मोठं ठिकाण म्हणजे लिव्हर. मोठ्या आतड्याचा कॅन्सर सापडतो तेव्हा साधारण पाचांतल्या एका रुग्णाच्या लिव्हरमध्ये गाठी असतातच. पोटातल्या इतर बहुतेक कॅन्सरांत लिव्हरला गाठी आल्या की ऑपरेशनला अर्थ उरत नाही, पण मोठं आतडं याला ठळक अपवाद आहे. कितीतरी रुग्णांत आजार लिव्हरपाशी अडकून बसलेला असतो आणि तिथून तो पूर्ण काढता आला तर पाच वर्षांनंतरही शंभरातले चाळीसेक जण हयात असतात. दहा वर्षांनंतरही काहीजण आजाराशिवाय जगत असतात. नुसत्या केमोवर असा निकाल क्वचितच मिळतो. अर्थात हा आकडा ज्यांचं ऑपरेशन होऊ शकलं त्यांचा आहे, आणि निदानाच्या दिवशीच ऑपरेशनच्या टप्प्यात असणारे रुग्ण पाचांत एखादाच. बाकीच्यांतल्या काहींना केमो त्या टप्प्यात आणून सोडते. तात्यांबद्दलचा खरा प्रश्न हाच होता की ते या 'काहींत' बसतात का.

१९८० च्या दशकात सर्जन गाठी मोजायचे. चार किंवा जास्त असल्या, किंवा गाठीच्या कडेनं एक सेंटिमीटर निरोगी भाग मिळणार नसला, की नकार. तो हिशोब आता मागं पडला, पण आमच्याकडच्या दवाखान्यांत अजून तोंडात आहे. आज सर्जन आधी उरणारं लिव्हर मोजतो. क्लोद कुईनो या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञानं १९५७ साली लिव्हरचे आठ भाग पाडून दाखवले. प्रत्येक भागाला आत येणारं रक्त वेगळं, पित्त बाहेर नेणारी नळी वेगळी. त्यामुळं एक भाग काढला तरी शेजारचा जगू शकतो. अट अशी, की लागून असलेले किमान दोन भाग उरायला हवेत, त्यांचं येणारं रक्त, जाणारं रक्त आणि पित्ताची वाट शाबूत हवी, आणि ते पुरेसे मोठे हवेत. निरोगी लिव्हरचा २० ते २५ टक्के भाग पुरतो. केमो बराच काळ झालेली असेल तर ३० टक्के लागतो, सिरोसिसनं लिव्हर कडक झालं असेल तर ४०.

ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे वेगवेगळ्या विषयांच्या डॉक्टरांनी मिळून केस बघायच्या बैठकीत पुण्याचे लिव्हर सर्जन व्हिडिओवर होते, आमचे पोटाचे सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट समोर. लिव्हरसाठीचा खास कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करायचं ठरलं आणि त्यात सहावी गाठ निघाली, ९ मिलिमीटरची, डाव्या टोकाला, दुसऱ्या भागात. शिवाय तिसऱ्या भागात एक. उरलेल्या चार उजवीकडं, त्यातली मोठी उजव्या मुख्य रक्तवाहिनीच्या फाट्याला बिलगलेली. म्हणजे उजवी बाजू पूर्ण काढण्यावाचून मार्ग नाही, आणि डावीकडच्या दोन कोरून काढायच्या. डावीकडं उरणारं लिव्हर मोजलं, २४ टक्के. केमोनंतर ते अपुरं. बैठकीत ठरलं ते असं: आधी मोजकी केमो, मग पहिल्या ऑपरेशनमध्ये आतड्याची गाठ आणि डावीकडच्या दोन गाठी, मग उजव्या बाजूचं रक्त तोडून डावी बाजू वाढवायची, आणि ती वाढली तर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये उजवी बाजू.

सगळं एकाच वेळी का नाही, असं बंधूंनी विचारलं आणि प्रश्न बरोबर होता. लिव्हरवरचं काम छोटं असेल तर दोन्ही एकत्र करतात. पण निम्म्याहून जास्त लिव्हर काढलेल्या माणसाचा आतड्याचा टाका सुटला, तर ते संकट पेलायला उरलेलं लिव्हर कमी पडतं.

तात्यांना सांगणं

त्याआधी एक गाठ सोडवायची होती. बंधू आणि तात्यांच्या पत्नी दोघांनी मला दाराबाहेर गाठून सांगितलं होतं, "मॅडम, त्यांच्यासमोर कॅन्सर म्हणू नका. धसका घेतील." ही विनंती जवळपास प्रत्येक घर करतं आणि त्यामागं मायाच असते. पण दोन मोठी ऑपरेशनं, मध्ये एक प्रक्रिया, आधी-नंतर केमो, हे सगळं माणसाला अंधारात ठेवून करता येत नाही आणि करूही नये. मी त्यांना म्हणाले, तात्या विचारतील तेवढं सांगेन, विचारलेलं खोटं सांगणार नाही.

तात्यांनी सगळंच विचारलं. त्यांना आधीच ठाऊक होतं. केमोच्या वॉर्डबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला आपण कुठं बसलोय ते कळतंच. मी कागदावर लिव्हर काढलं, गाठींच्या जागी टिंबं दिली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "काय काढताय ते समजलं. मागं किती उरतंय ते सांगा." मी २४ टक्क्यांचं सांगितलं, रक्ताच्या आणि पित्ताच्या वाटांचं सांगितलं. "म्हंजे ओलांडा शाबूत पाहिजे," ते म्हणाले, "नुसती काडी राखून भागत न्हाई." वेलीचा ओलांडा म्हणजे तारेवर आडवा नेलेला जाड भाग, त्यावरच पुढच्या काड्या येतात. यानंतर मला या घरात लिव्हरची रचना पुन्हा समजावावी लागली नाही.

एक गोष्ट मी त्याच बैठकीत स्पष्ट केली. अशा दोन टप्प्यांच्या ऑपरेशनला निघालेल्या दर तीन-चार रुग्णांमागं एकाचा दुसरा टप्पा होतच नाही, कारण मधल्या काळात आजार वाढतो. पत्नी रडल्या. तात्या म्हणाले, "बाग धरताना गारपीट होईल का न्हाई, कुठं लिहून दिलंय कुणी?"

केमो कुठं थांबवायची

जनुकांच्या तपासणीत केआरएएस या जनुकात बदल निघाला, तो साधारण ४० टक्के रुग्णांत असतो. त्यामुळं सेटुक्सिमॅबसारखी औषधं उपयोगाची नव्हती. फोल्फॉक्स ही केमो आणि जोडीला गाठीच्या रक्तपुरवठ्याला रोखणारं बेव्हासिझुमॅब ठरलं, दर १५ दिवसांनी. औषध मोठ्या शिरेत सोडायला छातीत कातडीखाली पोर्ट बसवला. फोल्फॉक्समधलं एक औषध ४६ तास हळूहळू जात राहतं. त्याचा छोटा पंप कमरेच्या पिशवीत घालून तात्या घरी जायचे आणि त्याच पिशवीसकट बागेतून फिरायचे.

फोल्फॉक्समधल्याच ऑक्सालिप्लॅटिन या औषधानं थंडीचा त्रास होतो, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो: फ्रिजमधलं पाणी नको, गार फरशीवर अनवाणी नको. पण कोल्ड स्टोरेजचा विचार माझ्या मनात आला नव्हता. तिसऱ्या डोसनंतर दोन दिवसांनी तात्या आपला बेदाणा बघायला तासगावच्या स्टोरेजमध्ये गेले. आत पाऊल टाकताच बोटांत मुंग्या, जबडा आखडला, घसा आवळल्यासारखा झाला, श्वास अडतोय असं वाटलं. बाहेर उन्हात आल्यावर काही मिनिटांत सगळं ओसरलं. त्या दिवसापासून बेदाणा-द्राक्षांतल्या प्रत्येक रुग्णाला आम्ही कोल्ड स्टोरेजचं नाव घेऊन सांगतो.

चार डोसांनंतरच्या स्कॅनमध्ये मोठी गाठ ४.६ वरून २.९ सेंटिमीटरवर आली होती, सीईए ८६ वरून १४. आणि दुसऱ्या भागातली ती ९ मिलिमीटरची गाठ दिसतच नव्हती. घरी पेढे वाटले गेले. मला मात्र या टप्प्याबद्दल जरा सविस्तर लिहायचंय, कारण गैरसमज इथंच होतो आणि तो महागात पडतो.

स्कॅनमधून गाठ गेली म्हणजे ती लिव्हरमधून गेली असं नाही. दिसेनाशा झालेल्या गाठींच्या जागा तशाच सोडल्या, तर बहुतेक ठिकाणी आजार परत उगवतो, कारण तिथं पेशी जिवंत असतात, फक्त स्कॅनच्या नजरेखाली गेलेल्या असतात. गाठ दिसत असते तोवर सर्जनला ती काढता येते. नाहीशी झाली की ती शोधायची कुठं? दुसरं, केमो लिव्हरलाही सोसावी लागते. ऑक्सालिप्लॅटिननं लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि लिव्हर निळसर, रक्तानं फुगलेलं होतं. इरिनोटेकन या औषधानं चरबी धरते. डोस जितके जास्त, तितकं मागं उरणारं लिव्हर अशक्त, म्हणजे २४ टक्क्यांतले २४ सुद्धा पूर्ण कामाचे राहत नाहीत. म्हणून गाठी काढता येण्याजोग्या झाल्या की थांबायचं. घरच्यांचं म्हणणं उलट होतं: औषध एवढं लागू पडतंय, तर बारा डोस पुरे करू, कदाचित बाकीच्याही जातील, ऑपरेशनच टळेल. मी बंधूंना दोन्ही स्कॅन शेजारी लावून दाखवले, ऑपरेशन टळणार नाही, अवघड होईल, हे परोपरीनं सांगितलं. सहा डोसांवर थांबलो. शेवटच्या दोन डोसांत बेव्हासिझुमॅब वगळलं, कारण ते दिल्यावर जखम नीट भरायला सुमारे सहा आठवड्यांचं अंतर लागतं.

तात्यांना ऑपरेशन ऑक्टोबर छाटणीनंतर हवं होतं. केमोनंतर चार ते सहा आठवडे लिव्हरला सावरायला द्यायचेच होते, त्यामुळं छाटणी त्यात बसली आणि त्यांचं मनही स्थिर राहिलं.

दोन ऑपरेशनं आणि मधला महिना

पहिलं ऑपरेशन पुण्यात झालं. आतड्याचा रोगट भाग काढून टोकं जोडली, पोटावर पिशवी लावावी लागली नाही. मग सर्जननं लिव्हरवर थेट अल्ट्रासाऊंड फिरवून तिसऱ्या भागातली गाठ कोरून काढली, आणि जुन्या एमआरआयवरून माग काढत दुसऱ्या भागातल्या 'गेलेल्या' गाठीच्या जागेचा पांढुरका वण शोधून तोही काढला. बारा दिवसांनी पॅथॉलॉजीचा अहवाल आला. आतड्याजवळच्या १८ लसिकाग्रंथींपैकी ३ मध्ये कॅन्सर. त्या वणामध्ये जिवंत कॅन्सरपेशी. मी तो परिच्छेद बंधूंना फोनवर वाचून दाखवला. पलीकडं बराच वेळ शांतता होती, मग ते म्हणाले, "बरं झालं मॅडम, थांबलो ते."

तीन आठवड्यांनी पोर्टल व्हेन एम्बोलायझेशन. जपानमध्ये मासातोशी माकुउची यांनी १९८० च्या दशकात रुळवलेली ही पद्धत. पोटाच्या कातडीतून सुई घालून उजव्या बाजूची पोर्टल व्हेन आतून बंद करतात. आतड्याकडून येणारं सगळं रक्त मग डावीकडं वळतं, आणि डावी बाजू ते काम अंगावर घेऊन वाढायला लागते, तर उजवी आक्रसते. तात्यांना दोन दिवस बारीक ताप आणि बरगडीखाली दुखणं, एवढंच झालं. पण हा महिना आमच्यासाठी सगळ्यांत अवघड. उजवीकडच्या चार गाठी अजून आतच, केमो बंद, आणि डाव्या बाजूला वाढवणाऱ्या त्याच हालचालीनं गाठीही भरभर वाढू शकतात. डिसेंबरच्या मध्याला सीटी झाला. डावी बाजू २४ वरून ३७ टक्क्यांवर. नवी गाठ नाही, जुन्या होत्या तेवढ्याच.

दुसरं ऑपरेशन सात तास चाललं. लिव्हर कापताना रक्तस्राव रोखायला आत येणारी रक्तवाट बाहेरून चिमट्यात धरतात. ग्लासगोच्या जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी १९०८ साली सांगितलेली ही युक्ती आजही रोजच्या वापरात आहे: १५ मिनिटं धरायची, ५ मिनिटं सोडायची. भूलतज्ज्ञ शिरांतला दाब मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे कापलेल्या जागेतून कमी पाझरतं. रक्ताची एकच पिशवी लागली. सर्जननं नंतर सांगितलं, लिव्हर किंचित निळसर होतंच.

अशा ऑपरेशननंतर पाचव्या दिवसाकडं आमचे डोळे लागलेले असतात. त्या दिवशी रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढतो तो पिवळा घटक, ३ च्या वर आणि रक्त गोठण्याचा आयएनआर १.७ च्या वर, दोन्ही एकत्र असले तर उरलेलं लिव्हर हरतंय असं समजायचं आणि जिवाला मोठा धोका असतो. तात्यांचं बिलिरुबिन २.६, आयएनआर १.५. सुटलो म्हणेपर्यंत पोटात ठेवलेल्या ड्रेनच्या नळीतून सोनेरी-हिरवट पाणी यायला लागलं. कापलेल्या पृष्ठभागावरच्या एखाद्या बारीक नळीतून पित्त गळत होतं. ताप नव्हता, पोट मऊ होतं, त्यामुळं पुन्हा काही न करता ड्रेन ठेवूनच घरी पाठवलं.

घरी ते काम मुलीनं उचललं. द्राक्षाच्या घरात फवारणीची वही असतेच: तारीख, औषध, प्रमाण, वारा. तिनं त्याच वहीच्या मागच्या पानांवर रोज सकाळी सातला ड्रेनची नोंद ठेवली आणि फोटो मला पाठवला. १६० मिली, हळदी. १४० मिली, हळदी. ९० मिली, फिकट. एके दिवशी अचानक १५ मिली आलं, तेव्हा तिनंच ओळखलं की गळती थांबलेली नाही, नळी मुडपलीय, कारण तात्यांच्या खांद्यात दुखत होतं आणि अंग कणकणत होतं. नळी सरळ केल्यावर साठलेलं पित्त आलं. त्या वहीवर मी कितीतरी छापील तक्त्यांहून जास्त विसंबले. गळती तीन आठवड्यांनी पूर्ण थांबली.

उजव्या बाजूच्या चारही गाठी कडेनं स्वच्छ निघाल्या होत्या, सगळ्यांत जवळची कड २ मिलिमीटर. आता १ मिलिमीटर मिळाली तरी पुरेशी मानतात.

ऑपरेशननंतर केमोचे आणखी सहा डोस दिले, त्यांतल्या शेवटच्या दोनमध्ये ऑक्सालिप्लॅटिन काढून टाकलं. तात्यांना शर्टाची गुंडी लावता येईना, छाटणीची कात्री हातात आहे की नाही ते बघावं लागे. मुंग्या आता कमी आहेत, पण तळव्यांत राहिल्याच आहेत. जनआरोग्य योजनेत केमोचा बराच भाग बसला. पुण्याचा खर्च बेदाणा भाव नसताना विकून भागवला, आणि त्याची बोच घरात अजून आहे.

पुढं

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये १००१ रुग्णांच्या अनुभवावरून १९९९ साली धोक्याचा एक पाच गुणांचा हिशोब मांडला गेला: ग्रंथींमध्ये आजार, वर्षाच्या आत लिव्हरला पसरणं, एकाहून जास्त गाठी, ५ सेंटिमीटरहून मोठी गाठ, सीईए २०० च्या वर. तात्यांचे तीन भरतात. निम्म्याहून जास्त रुग्णांत आजार कुठंतरी परत येतो, हे आम्ही धरूनच होतो. म्हणून दर तीन महिन्यांनी सीईए, दर सहा महिन्यांनी स्कॅन.

दुसऱ्या ऑपरेशननंतर चौदाव्या महिन्यात सीईए २.४ वरून ९ वर गेला. एमआरआयमध्ये चौथ्या भागात १.६ सेंटिमीटरची एकच गाठ, मोठ्या पित्तनळीपासून लांब. वाढलेलं लिव्हर पुन्हा कापता येतं, पण इथं सुईनं मायक्रोवेव्हची उष्णता देऊन गाठ जाळली. नेदरलँड्समधून चालवलेल्या कोलिजन चाचणीचे निकाल २०२४ साली आले, त्यांत ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींना ही पद्धत ऑपरेशनच्या तोडीस तोड ठरली आणि त्रास कमी झाला. तात्या दुसऱ्या दिवशी घरी गेले. निदानाला आता तीन वर्षं होऊन गेलीत, शेवटचा स्कॅन स्वच्छ आहे, सीईए २.१. ते बरे झाले असं मी लिहिणार नाही, पाच वर्षांपर्यंत तरी नाही. पण सहा गाठींसकट 'ऑपरेशनचा विषय नाही' म्हणून लिहिलेला माणूस या हंगामात स्वतः काड्या बांधतोय.

बंधूंचं वय ४७. आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मूल यांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर चाळिशीपासून कोलोनोस्कोपी सुरू करायची, किंवा त्या माणसाचं निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा. मी हे त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं आणि ते दर खेपेला हंगामाचं कारण द्यायचे. तात्यांची गाठ परत आली तेव्हा पुतणीनंच काकांची अपॉइंटमेंट घेतली. दोन पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचे कोंब, निघाले, एक १२ मिलिमीटरचा. त्याच वेळी काढले, कॅन्सर नव्हता. पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी. तारीख वहीत लिहिलेली आहे.